प्रजा, नागरिक आणि मुदत

(संस्थेच्या वार्षिक समारंभात पालक व विद्यार्थ्यांसमोर दिलेले व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी ‘नागरिकत्व’ हा विषय मी मुद्दाम निवडला आहे. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात तो एका पाठापुरता येतो. चार हक्क व चार कर्तव्ये पाठ करून उत्तरपत्रिकेत लिहिली की आपण त्याचा निरोप घेतो. परंतु ज्यांच्या डोक्यावरचे राज्य बदलले, आणि उद्या आपण कोण ठरणार हे ज्यांना ठाऊक नव्हते, अशा लाखो माणसांना हा धडा फार महागात शिकावा लागला. त्यांत आपल्या कोकणची माणसेही होती. त्यांची हकीकत आज थोडक्यात सांगावयाची आहे, आणि तिच्यातून कर्जत-खालापूरच्या आपणा सर्वांना काय घेण्यासारखे आहे तेही पाहावयाचे आहे.

राजाची प्रजा

१९४७ पूर्वी आपले आजे-पणजे कायद्याने कोण होते? ‘भारतीय नागरिक’ असा दर्जा त्या वेळी कायद्यात अस्तित्वातच नव्हता. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपला हा घाटाखालचा मुलूख कंपनी सरकारकडे व पुढे इंग्लंडच्या राणीकडे गेला. १९१४ च्या ब्रिटिश कायद्याप्रमाणे बादशहाच्या मुलखात जन्मलेला प्रत्येक माणूस ‘ब्रिटिश प्रजाजन’ ठरे. म्हणून कर्जत, नेरळ, खालापूर, खोपोली येथे जन्मलेले आपले वाडवडील ब्रिटिश प्रजाजन होते.

आता आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. मुरूड, म्हसळे, श्रीवर्धन हा भाग जंजिऱ्याच्या सिद्दी नवाबांच्या संस्थानात होता. तेथे जन्मलेला माणूस बादशहाचा प्रजाजन नव्हे, तर नवाबाचा. इंग्रजी कायद्यात त्याला ‘ब्रिटिश संरक्षित व्यक्ती’ म्हणत. आपली व त्यांची बोली जवळची, जेवण एकच, मशिदीतील सफ एकच. परंतु एका जिल्ह्याच्या अंतरात कायद्याने माणसे दोन प्रकारची झाली होती. १९४८ साली जंजिरा संस्थान विलीन झाले आणि हा भेद संपला. आजच्या मुलांना त्याची कल्पनाही नाही.

या दोन्ही नावांत एक गोष्ट समान होती. प्रजाजन असो वा संरक्षित, त्याचा दर्जा वरून आलेला होता. तो कोणी ठरवला, कोणाला विचारून ठरवला, आणि उद्या बदलला तर दाद कोठे मागावयाची, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्याच्या हातात नव्हते. प्रजा आणि नागरिक यांतील खरा फरक हाच होय. नागरिकाला कायदा लागू होतोच, शिवाय तो कायदा करणाऱ्यांना निवडून देण्याचा व कोर्टात उभे राहण्याचा हक्कही त्याला असतो.

केपटाउनचा परवाना

१८५८ च्या जाहीरनाम्यात व्हिक्टोरिया राणीने हिंदुस्थानातील प्रजेला इतर प्रजेप्रमाणेच समान वागवण्याचे वचन दिले होते. या वचनाची किंमत कोकणी माणसाला दक्षिण आफ्रिकेत कळली. रायगड व रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची पुष्कळ मुसलमान मंडळी गेल्या शतकाच्या आरंभी केपटाउनला जाऊन स्थायिक झाली. कोणी दुकान टाकले, कोणी फळफळावळ विकली, कोणी मजुरी केली. बहुतेकांची बायका-मुले गावीच असत आणि पुरुष चार-सहा वर्षांनी घरी येऊन जात.

१९०६ साली केप वसाहतीने कायदा केला. नव्याने येणाऱ्यास युरोपियन भाषेत लिहिता येणे आवश्यक ठरले. जे आधीच तेथे राहत होते त्यांना गावी जाऊन परत यावयाचे असेल तर परवाना काढावा लागे. त्यावर छायाचित्र असे, हाताचे ठसे असत आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुदत असे. मुदत उलटली की दार बंद. आजारपण असो, आईचा मृत्यू असो, बोट चुकलेली असो, वर्षानुवर्षे तेथे कष्ट करून उभे केलेले दुकान त्या एका तारखेवर अवलंबून राही. १९२७ च्या कायद्याने सलग ३ वर्षे बाहेर राहिलेल्या भारतीयाचा तेथील वास्तव्याचा हक्कच संपुष्टात येऊ लागला.

दुसरी गोष्ट विशेषतः भगिनींनी ऐकावी. १९१३ च्या मार्च महिन्यात केपच्या सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती सर्ल यांच्यापुढे बाई मरियम यांचा दावा आला. हसन इसप यांची ही विवाहित पत्नी. पतीकडे राहावयास गेलेल्या या बाईला बंदरातच अडवण्यात आले होते. ज्या धर्मात एकाहून अधिक विवाहांस मुभा आहे त्या धर्माप्रमाणे झालेला विवाह येथील कायद्यास मान्य नाही, असा निकाल न्यायमूर्तींनी दिला. एका निकालाने हजारो हिंदू-मुसलमान स्त्रियांचे पत्नीपण कायद्याच्या दृष्टीने पुसले गेले. गांधीजींच्या सत्याग्रहात स्त्रिया तुरुंगात गेल्या त्यामागे हेही एक मोठे कारण होते. १९१४ च्या कायद्याने अशा विवाहांना मान्यता मिळाली खरी, परंतु १९५३ साली तेथील सरकारने भारतातून पत्नीला आणण्यावरच बंदी घातली. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना त्या देशाचा कायमचा रहिवासी वर्ग म्हणून मान्यता १९६१ साली मिळाली, आणि सर्वांच्या बरोबरीने मताचा हक्क १९९४ साली.

बादशहा एकच, साम्राज्य एकच, आणि तरीही दुसऱ्या बंदरात प्रजाजनाला प्रजाजन म्हणून कोणी विचारीत नव्हते.

१९४७ ते १९५० ची अनिश्चिती

१५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला व त्याच वेळी त्याचे दोन तुकडे झाले. त्या दिवशी ‘भारताचा नागरिक कोण’ हे सांगणारा एकही कायदा नव्हता. घटना तयार व्हावयाची होती. आपल्या समाजातील कित्येक घरांत त्या काळी एकच प्रश्न होता : येथे राहावयाचे की जावयाचे? कोकणातील बहुसंख्य मुसलमानांनी येथेच राहण्याचा निर्णय घेतला. तो निर्णय कोणी कागदावर लिहिला नाही. शेतात भात होते, अंगणात कबरी होत्या, शेजारी ओळखीचे होते, माणसे राहिली.

घटना समितीने नागरिकत्वाची कलमे सर्वांत आधी अमलात आणली. बाकीची बहुतेक घटना २६ जानेवारी १९५० पासून लागू झाली. परंतु नागरिकत्वाची कलमे ५ ते ९ ही घटना स्वीकारली त्याच दिवशी, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ पासून लागू झाली. राज्य उभे करण्यापूर्वी राज्याचे मालक कोण हे ठरवणे भाग होते. कलम ५ ने सांगितले की ज्याचे कायमचे वास्तव्य भारतात आहे आणि जो स्वतः येथे जन्मला, किंवा ज्याच्या आई-वडिलांपैकी एक येथे जन्मला, किंवा जो आधीची ५ वर्षे येथे राहत आहे, तो भारताचा नागरिक. त्यात धर्म विचारलेला नाही, जात विचारलेली नाही, जमीन किती आहे हेही विचारलेले नाही. आपल्या वाडवडिलांचे नागरिकत्व या एका कलमावर उभे आहे. ते कोणी दान दिलेले नाही.

याच कलमांत तारखाही होत्या. पाकिस्तानातून आलेल्यांसाठी १९ जुलै १९४८ ही तारीख. त्यापूर्वी आलेल्यांचा मार्ग सोपा, नंतर आलेल्यांना नोंदणी आवश्यक. १ मार्च १९४७ नंतर तिकडे स्थलांतर केलेल्यांसाठी कलम ७. आणि परदेशी राहणाऱ्यांसाठी कलम ८ : ज्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीही अविभक्त हिंदुस्थानात जन्मले, त्याने आपल्या देशाच्या वकिलातीत नोंदणी केली तर तोही भारताचा नागरिक. या कलम ८ ची कथा पूर्व आफ्रिकेकडे जाते.

पूर्व आफ्रिकेतील निळे पासपोर्ट

केनिया, युगांडा, टांगानिका व झांझिबार या मुलखांत त्या वेळी इंग्रजांचा अंमल होता. रेल्वे, सरकारी कचेऱ्या, दुकानदारी यांत लाखो भारतीय होते. गुजराती व पंजाबी अधिक. परंतु गोव्याचे, महाराष्ट्राचे लोकही होते आणि मोंबासा-नैरोबीत कोकणी मुसलमान कुटुंबेही होती. भारताचे पहिले आयुक्त म्हणून १९४८ मध्ये औंधच्या राजघराण्यातील अप्पासाहेब पंत नैरोबीला गेले. ज्या देशात राहता त्या देशाच्या लोकांशी एकरूप व्हा, असाच पंडित नेहरूंचा तेथील भारतीयांना सल्ला होता.

या मंडळींपुढे तीन वाटा होत्या. कलम ८ खाली भारताचे नागरिक व्हावे. १९४८ च्या ब्रिटिश कायद्याखाली ‘युनायटेड किंगडम व वसाहतींचे नागरिक’ म्हणून राहावे. किंवा नवे आफ्रिकन राष्ट्र जन्मास आले की त्याचे नागरिक व्हावे. बहुतेकांनी मधली वाट धरली. कारण समजण्यासारखे आहे. ब्रिटिश पासपोर्ट हातात होता, त्यावर राजमुकुट होता, आणि कोठेही जाण्याची मुभा होती. निर्णय पुढे ढकलणे हाच निर्णय ठरला.

१२ डिसेंबर १९६३ रोजी केनिया स्वतंत्र झाला. जो स्वतः केनियात जन्मला व ज्याच्या आई-वडिलांपैकीही एक तेथे जन्मला, तो आपोआप नागरिक झाला. बाकीच्यांना अर्ज करून नोंदणी करण्यासाठी २ वर्षांची मुदत मिळाली. ती १२ डिसेंबर १९६५ रोजी संपली. फार थोड्यांनी अर्ज केले. कोणी वाट पाहिली, कोणी भावाला एक व स्वतःला दुसरा पासपोर्ट ठेवून दोन्ही डगरींवर पाय ठेवले. १९६७ साली केनियाने दोन कायदे केले. एकाने परक्या नागरिकास कामासाठी परवाना आवश्यक केला. दुसऱ्याने ठराविक भागांत व ठराविक मालाचा व्यापार त्यांना बंद केला. दुकाने बसली. माणसे ब्रिटिश पासपोर्ट घेऊन लंडनच्या विमानात बसू लागली.

तेव्हा लंडनने काय केले? १९६८ च्या फेब्रुवारीअखेर पार्लमेंटमध्ये विधेयक आले आणि ३ दिवसांत मंजूर झाले. १ मार्च रोजी कायदा झाला. ब्रिटिश पासपोर्ट असला तरी पुरे नाही. स्वतः, आई-वडील किंवा आजी-आजोबा यांचा जन्म वा नोंदणी प्रत्यक्ष ब्रिटनमधील असली पाहिजे. अर्थ उघड होता. वसाहतीतील गोऱ्याचे आजोबा ब्रिटनमध्ये जन्मलेले असत, भारतीयाचे नसत. बाकीच्यांसाठी वर्षाला १,५०० कुटुंबप्रमुखांपुरती परवान्यांची सोय ठेवली. पासपोर्टचे मुखपृष्ठ तेच राहिले. आतला हक्क मात्र काढून घेतला गेला. विमानतळावरून परत पाठवलेली माणसे एका देशातून दुसऱ्या देशात फिरत राहिली.

पुढे युगांडात याहून भयंकर घडले. नागरिकत्वासाठी आलेले सुमारे १२,००० अर्ज वर्षानुवर्षे निकालाविना पडून होते. ते १९७१ च्या अखेरीस इदी अमीन यांनी रद्द केले. ४ ऑगस्ट १९७२ रोजी त्यांनी आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडण्यास फर्मावले. जे स्वतःला युगांडाचे नागरिक म्हणत होते त्यांना कागद तपासून घेण्यासाठी रांगेत उभे केले. कोणी ब्रिटिश नागरिकत्व सोडल्याचे पत्र ठरलेल्या ३ महिन्यांनंतर दिले होते, कोणाचा एक दाखला कमी होता. त्यांचे नागरिकत्व तेथेच टेबलावर संपले. घर, दुकान, बँकेतील पैसा मागे ठेवून माणसे एका पेटीनिशी निघाली. सुमारे २८,००० ब्रिटनला गेली, काही हजार कॅनडाला, काही हजार भारतात. आणि ज्यांना कोणीच आपले म्हणेना त्यांना संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने युरोपातील छावण्यांत नेण्यात आले.

१९६८ च्या कायद्याविरुद्ध युरोपच्या मानवी हक्क आयोगाकडे तक्रारी गेल्या. वंशावरून केलेला हा भेद माणसाची विटंबना करणारा आहे असा अभिप्राय आयोगाने १९७३ साली नोंदवला. आणि जे अद्याप दुसऱ्या कोणत्याही देशाचे नागरिक नव्हते, त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणीचा हक्क मिळाला तो २००२ च्या कायद्याने. ३ दिवसांत गेलेला हक्क परत यावयास ३४ वर्षे लागली.

गोवा आणि हाँगकाँग

सर्वत्र असेच घडले असे मात्र नाही. आपल्या शेजारच्या गोव्याचे उदाहरण पाहा. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेथील माणूस कालपर्यंत पोर्तुगालचा. भारत सरकारने १९६२ च्या मार्चमध्ये आदेश काढला : २० डिसेंबर १९६१ पूर्वी जो स्वतः, किंवा ज्याचे आई-वडील वा आजी-आजोबा गोवा, दमण, दीव येथे जन्मले, तो भारताचा नागरिक समजला जाईल. ज्याला हे नको असेल त्याने एका महिन्यात तसे लेखी कळवावे. येथेही मुदत होती. परंतु ती उलट्या बाजूने ठेवलेली होती. गप्प बसणारा, अडाणी, डोंगरातला गावकरी नागरिक झाला; बाहेर राहू इच्छिणाऱ्यालाच अर्ज करावा लागला. केनियात गप्प बसणारा बाहेर पडला, गोव्यात गप्प बसणारा आत आला. कायदा लिहिणाऱ्याने ओझे कोणाच्या डोक्यावर ठेवले, यावर हजारो कुटुंबांचे नशीब ठरते.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. मुंबईहून गेलेल्या पारशी, बोहरी, सिंधी व्यापाऱ्यांचा त्या शहराशी जुना संबंध. तेथील प्रसिद्ध स्टार फेरी दोराबजी नवरोजी या पारशी गृहस्थांनी सुरू केली आणि हाँगकाँग विद्यापीठाच्या उभारणीस हर्मसजी मोदी यांनी मोठी देणगी दिली. १९८४ च्या करारानुसार १ जुलै १९९७ रोजी हाँगकाँग चीनला परत जावयाचे होते. चिनी वंशाच्या रहिवाशांना चीनचे नागरिकत्व मिळणार होते. भारतीय व नेपाळी वंशाच्या लोकांना ते आपोआप मिळणार नव्हते. आणि ब्रिटनने दिलेल्या नव्या पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहण्याचा हक्क नव्हता. त्यांच्या नातवंडांना कोणताच देश उरणार नाही असे दिसू लागले.

या मंडळींपुढे पूर्व आफ्रिकेचा अनुभव होता. तारीख १३ वर्षे आधी ठाऊक होती आणि त्यांनी ती वर्षे झोपून घालवली नाहीत. शिष्टमंडळे गेली, निवेदने दिली गेली, पार्लमेंटच्या दोन्ही सभागृहांत प्रश्न पुन्हा पुन्हा उपस्थित झाला. प्रारंभी नकारच मिळाला. अखेर १९ मार्च १९९७ रोजी, हस्तांतरास साडेतीन महिने उरले असता, त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला आणि त्यांना पूर्ण ब्रिटिश नागरिक म्हणून नोंदणी करता आली. संख्येने लहान असा हा समाज, परंतु आपला दर्जा नेमका काय आहे हे त्याने कायदा वाचून समजून घेतले होते. कोणत्या कलमामुळे आपले नुकसान होते हे ज्याला सांगता येते, त्याच्या अर्जाचे उत्तर द्यावे लागते.

आपल्यासाठी काय?

आता कोणी म्हणेल, आपण परदेशात नाही, आपल्यावर कोणाचे परके राज्य नाही. मग ही कहाणी आम्हाला कशासाठी? प्रश्न योग्य आहे. आपण स्वतंत्र देशाचे नागरिक आहोत, आणि हाच तर फरक मी सांगत आलो. परंतु नागरिकाचाही हक्क कायद्याच्या शब्दांतून येतो, आणि ते शब्द आपल्यापैकी फार थोड्यांनी वाचलेले असतात.

१९५५ चा नागरिकत्व कायदा आज काय सांगतो ते पालकांनी लक्षात ठेवावे. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक आहे. १ जुलै १९८७ पासून २ डिसेंबर २००४ पर्यंत जन्मलेल्यासाठी आई-वडिलांपैकी एक जन्माच्या वेळी भारतीय नागरिक असावा लागतो. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यासाठी दोघेही नागरिक असावेत, किंवा एक नागरिक व दुसरा बेकायदा स्थलांतरित नसावा. म्हणजे आजीला फक्त स्वतःचा जन्म सांगावा लागतो. नातीला स्वतःचा सांगून आई-वडिलांचेही दाखवावे लागते. पिढीगणिक पुराव्याची गरज वाढत गेली आहे. दाखले जपण्याची आपली सवय मात्र त्या मानाने वाढलेली नाही.

आपल्या कित्येक घरांतील मुले-जावई आखाती देशांत आहेत. तेथे कितीही वर्षे नोकरी केली तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही, आणि तेथे जन्मलेल्या बाळाला जन्माने तेथील नागरिकत्व मिळत नाही. अशा बाळाची नोंद एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते; त्यानंतर केंद्र सरकारची परवानगी लागते. बाळाच्या अकीक्याची तयारी आपण हौसेने करतो; ही नोंदही त्याच आठवड्यात व्हावी.

२०१९ साली कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा गावोगाव चर्चा झाली, भीतीही पसरली. त्याच वर्षी ३१ ऑगस्टला आसामात नागरिकांची अंतिम यादी प्रसिद्ध झाली आणि सुमारे १९ लाख माणसे तिच्याबाहेर राहिली. त्यांत मुसलमान होते तसे हिंदूही होते. आसामचा कायदा व इतिहास वेगळा आहे. तेथील तारीख २४ मार्च १९७१ ची आहे. परंतु तेथे माणसे कशावर अडखळली हे पाहण्यासारखे आहे. बापाच्या नावाचे स्पेलिंग एका कागदात एक, दुसऱ्यात दुसरे. वयात फरक. आणि सर्वांत जास्त हाल विवाहित स्त्रियांचे, कारण लहानपणी लग्न झालेल्या, शाळेत न गेलेल्या बाईपाशी ती अमक्या बापाची मुलगी आहे हे सांगणारा एकही कागद नसे.

मला येथे मुलींच्या शिक्षणाविषयी बोलावयाचे आहे ते याच कारणासाठी. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलीचे नाव लागते तेव्हा तिचे, तिच्या बापाचे, जन्मतारखेचे व जन्मगावाचे नाते सरकारी नोंदीत कायमचे लिहिले जाते. लग्नानंतर आडनाव बदलले, गाव बदलले, तरी शाळा सोडल्याचा दाखला तिच्या माहेरची साक्ष देत राहतो. बाई मरियम यांच्या काळी निकाहालाच मान्यता नव्हती. आज मान्यता आहे, पण जपून ठेवलेला निकाहनामा किती घरांत आहे?

करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांत विनाशुल्क होते. ती ग्रामपंचायतीत वा नगरपालिकेत करावी, आणि नोंद नावाशिवाय राहिली असेल तर नाव भरून घ्यावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मदाखला हाच मुख्य पुरावा धरला जातो. नाव उर्दूत, मराठीत व इंग्रजीत कसे लिहावयाचे हे घरात एकदाच ठरवावे. शाळेत फातमा, आधारवर फातिमा आणि रेशनकार्डावर फातिमाबी असे होऊ देऊ नये. आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, असे त्या कायद्यातच लिहिलेले आहे. त्यावर विसंबू नये. आजोबांचा सात-बारा, फेरफार, जुनी मतदार यादी, वारसनोंद यांच्या नकला काढून एका पेटीत ठेवाव्यात. मतदार यादीत आपले नाव आहे की नाही हे निवडणुकीच्या दिवशी नव्हे, आधी पाहावे.

हे करताना आपल्या शेजाऱ्यालाही बरोबर घ्यावे. आपल्या दोन्ही तालुक्यांतील डोंगरवाड्यांवर कातकरी व ठाकर बांधव राहतात. त्यांच्याहून जुने या मातीतील कोण? पण कातकरी कुटुंब पावसाळा संपला की वीटभट्टीवर जाते, मूल वाटेत जन्मते, आणि नोंद राहून जाते. आपल्या शाळांतील वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी सुट्टीत एखाद्या वाडीवर जाऊन अर्ज भरून दिले, तर नागरिकशास्त्राचा याहून चांगला अभ्यास दुसरा नाही.

शेवटी एक इशारा. सर्व कागद नीट असले म्हणजे सर्व झाले असे समजू नये. युगांडात कागद नीट असलेल्यांवरही घर सोडण्याची पाळी आली, कारण तेथे हुकूमशहाला जाब विचारणारी संसद व कोर्ट उरले नव्हते, आणि भारतीय वस्ती व आफ्रिकन वस्ती यांच्यात शेजारधर्म फारसा रुजला नव्हता. कागद आवश्यक आहे, पण त्याच्या पाठीशी कायद्याचे राज्य हवे आणि आपल्या बाजूने बोलणारा शेजारी हवा.

आपल्या तालुक्याला याचा वारसा आहे. माथेरानचे भाई कोतवाल वकिलीची परीक्षा दिलेले होते. त्यांनी गरिबांसाठी शाळा काढल्या, शेतकरी-आदिवासींसाठी धान्यकोठी चालवली, आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर त्यांना व हिराजी पाटील यांना वीरमरण आले. त्या वेळी ते दोघेही कायद्याने ब्रिटिश प्रजाजनच होते. पुढे ९ वर्षांनी, १९५२ च्या सुमारास देशातील पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली आणि कर्जत-खालापूरच्या शेतकऱ्याने, कातकऱ्याने, मुसलमानाने, स्त्री-पुरुषांनी एकाच रांगेत उभे राहून मत दिले. इंग्रजी अमलात मताचा हक्क मालमत्ता व शिक्षण पाहून मोजक्यांनाच मिळे. ती रांग हेच प्रजेचे नागरिक झाल्याचे चिन्ह होते.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी काहींनी वकील व्हावे, काहींनी तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक व्हावे, आणि सर्वांनी सरकारी अधिसूचना स्वतः वाचून तिच्यातील तारीख शोधून काढण्याइतके मराठी व इंग्रजी यावयास शिकावे. पालकांना माझी विनंती इतकीच की या रविवारी घरातील पेटी उघडावी, सर्वांचे दाखले समोर मांडावेत, आणि काय कमी आहे त्याची यादी मुलीच्या हस्ताक्षरात लिहून घ्यावी.

खुदा हाफिज. जय हिंद. जय महाराष्ट्र.